नागपुरात सायन्सवाले आणि आर्ट्सवाले एकमेकांपासून इतके तुटलेले का असतात?

माझ्या मते मुख्य दोष अकरावीच्या प्रवेशाचा. पंधरा-सोळाव्या वर्षी पोरगं सायन्सला गेलं की इतिहास सुटला तो बहुधा कायमचा. त्यात टक्के वाढावेत म्हणून अनेक जण मराठीऐवजी आयटी किंवा बायफोकल (व्यावसायिक विषय) घेतात, म्हणजे मराठीही गेली. आर्ट्सवाल्यांचं गणित तसंच सुटतं, वर घरी येणारा पाहुणा विचारतो, "काहून बापा, मार्क कमी पडले का?"

तक्रार जुनी आहे. विज्ञान शिकलेले कादंबरीकार सी. पी. स्नो यांनी १९५९ साली केंब्रिजच्या व्याख्यानात हेच मांडलं. सुशिक्षित मंडळींना ते उष्मागतिकीचा दुसरा नियम (उष्णता आपोआप गरमाकडून थंडाकडेच जाते, तो) विचारत. उत्तर येत नसे. त्यांच्या लेखी हा प्रश्न 'शेक्सपिअर वाचलाय का' या तोडीचा होता. इंग्लंडातल्या शाळांत विषयांची वाटणी फार लवकर होते, हेही त्यांनी तेव्हाच सुनावलं.

नुकसान बघायचं तर २३ सप्टेंबर २०२३ चा पूर आठवा. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, लोक झोपेत असताना घरांत पाणी शिरलं. पाऊस किती, विसर्ग किती, हे इंजिनीअर सांगेल. नाग नदीच्या काठावर वस्ती कधी आणि कशी सरकत गेली, हे सांगायला जुने नकाशे अन् दप्तरं चाळणारा माणूस लागतो. हे दोघं एका टेबलावर बसतात कुठे?

साहित्यवाल्यांनी निदान २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना दिलं. सायन्स-इंजिनीअरिंगच्या कॉलेजांत कवीला आमंत्रण जातं ते बहुतेक गॅदरिंगलाच.