‘ब्रिक’ ढगाचं वस्तुमान चौपट कमी येतंय? आधी तापमान बघा

तुमचा प्रश्न असा: आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या ‘ब्रिक’ (जी०.२५३+०.०१६) या रेण्वीय ढगाचं (रेणूंच्या रूपातला वायू आणि धूळ यांच्या ढगाचं) वस्तुमान १.३ मिमी तरंगलांबीला दिसणाऱ्या धुळीवरून काढलं, तर ३२ हजार सूर्यांइतकं आलं. छापलेला आकडा १.३ लाख आहे. आकडेमोड बरोबर आहे, चुकलंय ते तापमान.

तुम्ही घेतलेलं ६५ केल्विन हे वायूचं तापमान आहे. धूळ आहे २० केल्विनच्या आसपास. १.३ मिमीला hν/k (फोटॉनची ऊर्जा, तापमानाच्या रूपात) येतं ११ केल्विन, आणि वस्तुमान e^(११/T)−१ च्या प्रमाणात येतं (T म्हणजे धुळीचं तापमान). मग e^(११/२०)−१ = ०.७३ आणि e^(११/६५)−१ = ०.१८. चौपटीचा फरक इथेच सापडला. केंद्राजवळ खळबळ आणि वैश्विक किरण वायूला तापवतात, पण धुळीशी टकरा होऊन दोघांचं तापमान एक व्हावं इतकी घनता ढगाच्या बहुतेक भागात नाही. सूर्याजवळच्या ढगांची सवय इथे नडते.

आता ढगातल्या वेगांवरून पडताळा. ढग स्वतःच्या गुरुत्वाने तोलला आहे असं धरलं तर M = ५σ²R/G (σ म्हणजे वेगांचा विखुरलेपणा, R त्रिज्या, G गुरुत्व स्थिरांक). वर्णपट रेषेची रुंदी १५ किमी/से, म्हणून σ = १५/२.३५५ = ६.४; R = २.८ पार्सेक; G = ०.००४३ (पार्सेक, किमी/से आणि सूर्याचं वस्तुमान या एककांत). उत्तर सुमारे १.३ लाख. जुळलं, पण फार खूश होऊ नका. ब्रिक हा एकसंध गोळा नाही, एकाच दिशेत वेगवेगळ्या वेगांचे पदर आहेत आणि ते सगळे त्या १५ मध्ये मिसळलेत. त्यामुळे ‘ढग गुरुत्वाने बांधलेला आहे’ असं यावरून ठामपणे म्हणू नये. शिवाय एवढ्या वस्तुमानात तारे जन्मल्याची खूण म्हणून बरीच वर्षं जेमतेम एक पाण्याचा मेसर (पाण्याच्या रेणूंचं तीव्र रेडिओ उत्सर्जन) माहीत होता!

कार्बन मोनॉक्साइडच्या ११५ गिगाहर्ट्झच्या रेषेवरून वस्तुमान काढायच्या फंदात पडू नका. रेषा अपारदर्शक, वाटेतले सर्पिल बाहू तिच्यात खाचा पाडतात (एक −५० किमी/सेच्या आसपास), आणि रेषेच्या तेजावरून वस्तुमान काढायचा, आकाशगंगेच्या तबकडीसाठीचा नेहमीचा गुणक इथे वस्तुमान काही पटींनी फुगवतो.

अल्माचा (चिलीतल्या अनेक अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीचा) डेटा वापरणार असाल तर एकट्या १२ मीटरच्या अँटेनांवर विसंबू नका. ढग १४० आर्कसेकंद रुंद. ३ मिमीला सगळ्यात आटोपशीर मांडणीतही अर्ध्या आर्कमिनिटापेक्षा (३० आर्कसेकंदांपेक्षा) मोठी रचना गळते. ७ मीटरच्या अँटेनांचा संच आणि एकल डिशचा डेटा जोडल्याशिवाय प्रवाह (ढगाकडून येणारं एकूण उत्सर्जन) मोजू नका, नाहीतर वस्तुमान पुन्हा कमीच येईल.

हीच कृती केंद्राजवळच्याच सॅजिटेरियस बी२ या ढगाला लावताना आधी आयनित वायूचं उत्सर्जन वजा करा. तिथे तारे जोरात जन्मतायत, ३ मिमीला दिसणारं सगळं धूळ नसतं.