फुटबॉल पहिल्यांदाच पाहणाऱ्या खेडवळ माणसाचं ते जुनं अमेरिकन विनोदी कथन कोणाचं, आणि ते इतकं का गाजलं?

अमेरिकन अभिनेते आणि विनोदवीर अँडी ग्रिफिथ यांचं. नाव ‘व्हॉट इट वॉज, वॉज फुटबॉल’, साल १९५३. आधी चॅपल हिल या गावातल्या छोट्याशा कलोनियल कंपनीने तबकडी काढली, मग कॅपिटल रेकॉर्ड्सने ती देशभर पोहोचवली. ग्रिफिथ अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याचे, त्यामुळे तो दाक्षिणात्य हेल अस्सल आहे. फक्त इथला फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा अमेरिकन फुटबॉल, हे लक्षात ठेवून ऐका.

कॉलेजच्या गावात तंबू ठोकून प्रार्थनासभा घ्यायला आलेला एक भाबडा धर्मोपदेशक गर्दीच्या रेट्यात थेट स्टेडियममध्ये जाऊन पोहोचतो. त्याला दिसतं ते गुरांचं कुरण, त्यावर कुणीतरी मारलेल्या पांढऱ्या रेघा. पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्यातले पंच त्याला शिट्ट्या फुंकत पळणारे कैदी वाटतात आणि चेंडू म्हणजे एक विचित्र छोटा भोपळा! त्या भोपळ्यासाठी धट्टीकट्टी माणसं एकमेकांच्या अंगावर का तुटून पडतात, हे त्याला शेवटपर्यंत उमगत नाही.

माझ्या मते याची खरी ताकद निरीक्षणात आहे. तो खोटं काहीच सांगत नाही, नियम ठाऊक नसलेल्या डोळ्यांना जे दिसेल तेच सांगतो. शिवाय त्या माणसाची कुठेही टिंगल नाही. तो मनापासून चकित झालेला असतो, म्हणून आपलाही त्याच्यावर जीव जडतो.

संहिता वाचू नका, ध्वनिमुद्रणच ऐका. अर्धी मजा त्या संथ, ठेका धरून बोलण्यात आहे.