बागेतले प्रश्न: पांढरा कापूस, आंब्याचा भुसा आणि मुंग्यांची रांग

यावेळी आलेली पत्रं आणि मेल जवळपास सगळे किडींवरच आहेत आणि त्यातल्या निम्म्यांचा प्रश्न एकच, "काकू, कुठलं औषध मारू?" कीड कोणती, पानावर आहे का खोडात, काही लिहिलेलं नसतं. डॉक्टरकडे जाऊन "गोळी द्या" एवढंच म्हणण्यातला प्रकार झाला हा. तर पुढच्या वेळी लिहिताना आधी पान उलटून बघा, खोडाभोवती एक चक्कर मारा, मुंग्या आहेत का ते बघा आणि मग लिहा. ज्यांनी तसं नीट लिहिलंय त्यांचे प्रश्न आधी घेते.

माझी जास्वंद कुंडीत आहे, चांगली कमरेएवढी झालीय. महिनाभरापासून शेंड्यांवर पांढरा कापूस दिसतोय, कळ्या उमलायच्या आत गळतात आणि शेंड्याची पानं गोळा होऊन वाकडी झालीत. नर्सरीवाल्याने दिलेलं औषध दोनदा मारलं, चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. (सिंहगड रोड, पुणे)

हा पिठ्या ढेकूण, लोक मिलीबग म्हणतात तो. कापूस दिसतो ते त्याच्या अंगावरचं मेण आणि त्याच कापसात मादी शेकड्याने अंडी घालते. त्या मेणावरून पाणी ओघळून जातं आणि पाण्याबरोबर तुमचं औषधसुद्धा, वरची पिल्लं मरतात पण कापसातली अंडी तशीच राहतात म्हणून चार दिवसांनी पुन्हा तेच. औषध खोटं नव्हतं हो, एकदोनदा मारून या किडीचं काम होतच नाही.

आता करायचं काय तर सगळ्यात आधी कात्री घ्या. जे शेंडे गोळा झालेत ते सरळ होणार नाहीयेत, ते खालपर्यंत छाटा आणि छाटलेलं लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधून टाकून द्या, कंपोस्टच्या डब्यात नको आणि कुंडीच्या कडेला तर अजिबात नको कारण बारीक पिल्लं चालत पुन्हा झाडावर येतात. मग उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरात फवारा, पानाच्या खालून आणि फांदीच्या बेचक्यात. बाल्कनीत टूथब्रशने घासलं तरी चालतं, खरं तर तेच बेस्ट. त्यानंतर १ लिटर पाण्याला ५ मिली निमतेल आणि १-२ मिली साधा लिक्विड सोप, तेल आणि सोप आधी थोड्या कोमट पाण्यात नीट फेटून घ्यायचे नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. फवारणी संध्याकाळी, आधी दोनचार पानांवर मारून एक दिवस थांबायचं आणि मग दर ७-८ दिवसांनी किमान तीनदा. अंड्यांतून पिल्लं जशी बाहेर येतील तशी ती सापडली पाहिजेत, तीन वेळा सांगण्याचं कारण तेवढंच.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी जाताजाता लिहिलंय की "कुंडीत मुंग्याही खूप झाल्यात, त्यांचं काय ते नंतर बघू". नंतर नाही, आत्ताच. पिठ्या ढेकूण रस शोषतो आणि मागून गोड चिकटा सोडतो, मुंग्यांना तो हवा असतो म्हणून त्या पिठ्याची राखण करतात, त्याला खायला आलेल्या किड्यांना हाकलतात आणि पिल्लं उचलून दुसऱ्या फांदीवरसुद्धा नेतात. मुंग्या चढायच्या थांबल्या की अर्धं काम झालं. खोडाला जाड कागदाची पट्टी गुंडाळून त्यावर ग्रीस लावा (सालीवर थेट लावू नका), कुंडी भिंतीला आणि ग्रिलला टेकलेली नसावी, एखादी फांदी जरी ग्रिलला टेकली तरी रांग तिकडून चालू होते.

आणि एक बघाच. त्या कापसात एखादा किडा बाकीच्यांपेक्षा मोठा, अंगावर पांढऱ्या झिपऱ्या असलेला आणि काडीने डिवचला की भराभर पळणारा दिसला तर त्याला मारू नका. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी, दिसायला अगदी पिठ्यासारखी पण खाते पिठ्यालाच. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ साली आपल्याकडे आणला. मोठा झाला की काळपट पाठ आणि नारिंगी डोकं. भरपूर बागवाले "मोठा मिलीबग" म्हणून आधी ह्यालाच चिरडतात.

मित्रकिडे काय करू शकतात याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण पपईचं आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूरला सापडला आणि बघताबघता पपई, तुती, जास्वंद सगळ्यावर पसरला, महाराष्ट्रातसुद्धा, औषधं मारून लोक थकले. मग २०१० साली बेंगळुरूच्या संस्थेने पोर्टो रिकोहून त्याच्या अंगात अंडी घालणारी टाचणीच्या टोकाएवढी माशी आणून सोडली आणि तो आटोक्यात आला. तेव्हा सरसकट विषारी औषध मारायच्या आधी असलं कोणी झाडावर कामाला आलंय का ते बघत जा.

शेवटचं म्हणजे जास्वंदीला युरिया किती घालता? जास्त नत्र म्हणजे लुसलुशीत कोवळे शेंडे आणि रस शोषणाऱ्या किडींना तेच लागतं. थोडे दिवस बंद करा.

लिंबाच्या रोपावर आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी दिसलं, पुसायला गेले तर ती अळी! आता हिरव्या मोठ्या अळ्या झाल्यात, हात लावला की डोक्यातून लाल शिंग काढतात आणि घाण वास येतो. रोप अर्धं खाल्लंय. शिवाय काही पानांवर चंदेरी नागमोडी रेघा आहेत. (नाशिक)

दोन वेगळ्या किडी आहेत ताई. रेघा म्हणजे नागअळी, पानाच्या आत राहून पोखरते त्यामुळे वरून काही मारलं तरी तिला फारसं लागत नाही. कोवळ्या पालवीलाच येते, पान जून झालं की येत नाही. मोठ्या झाडाला तिच्याने फरक पडत नाही, रोपाची फार खराब झालेली पानं काढा आणि सारखी छाटणी करून सारखी नवी पालवी फोडत बसू नका.

अळ्या लिंबाच्या फुलपाखराच्या. लहानपणी विष्ठेसारख्या दिसतात ते पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून आणि ते शिंग-वास प्रकरणही तेवढ्यासाठीच, माणसाला काही होत नाही. रोप लहान आहे तर हाताने वेचा, रोज सकाळी कोवळ्या पानांवर मोहरीपेक्षा बारीक फिकट पिवळी अंडी एकेकटी दिसतात तीच बोटाने काढली तर अळीपर्यंत वेळ येत नाही. दोन फुटी रोपाला फवारणी करायची गरजच नाही. फारच झाल्या तर बीटी, म्हणजे अळ्यांवरचं जिवाणूंचं औषध मिळतं, पाकिटावरच्या मापाने संध्याकाळी मारा.

पण झाड मोठं असेल तर माझं सरळ मत, राहू द्या. आपलं राज्य फुलपाखरू ब्ल्यू मॉरमॉन, २०१५ साली जाहीर झालेलं, त्याच्या अळ्याही लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढतात. फुलपाखरं पाहिजेत म्हणून घाणेरी आणि एक्झोरा लावायचे आणि अळी दिसली की स्प्रे काढायचा, हे काही जमत नाही. बेलाचं झाड जवळ असेल तर त्यावर नेऊन सोडा, ते त्यांना चालतं.

परसातला हापूस २० वर्षांचा आहे. एक मोठी फांदी सुकत चाललीय आणि खोडाच्या बुंध्याशी रोज लाकडाचा भुसा पडतो. वडील म्हणतात पूर्वी भोकात नुवान नावाचं औषध घालायचे, दुकानदार म्हणतो ते आता मिळत नाही. (चिपळूण)

वडिलांचं बरोबर आहे आणि दुकानदाराचंही. नुवानमधलं डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक ३१ डिसेंबर २०२० पासून आपल्याकडे बंद आहे. कुठे जुनी बाटली निघाली तरी घेऊ नका. त्याच दिवसापासून फोरेट हे दाणेदार औषधही बंद आहे, हुमणीला (मुळं खाणाऱ्या अळीला) "दाणेदार टाका" म्हणून अजूनही सांगणारे लोक आहेत म्हणून हेही लिहून टाकते.

हा खोडकिडा, मोठ्या लांब मिशांचा राखाडी भुंगा, लांबीला साधारण दोन इंच, मानेवर दोन नारिंगी-गुलाबी ठिपके. पावसाच्या सुमाराला बाहेर येतो आणि सालीच्या फटीत अंडी घालतो. त्याची अळी पांढरी, बिनपायाची, बोटाएवढी जाड आणि ती महिनोनमहिने लाकडात बोगदा करत राहते. फांदी सुकलेली दिसते तोवर आतलं बरंच काम झालेलं असतं.

भुसा कुठून पडतोय ते वरचं ताजं भोक शोधा, ओलसर भुसा आणि चीक दिसेल तेच, जुनी कोरडी भोकं रिकामी असतात. चाकूने सैल साल काढून भोक मोकळं करा, टोक वाकवलेली तार (सायकलची आरी चालते) आत हळूहळू ढकला, अळी टोचली गेली की तारेला पांढरा चिकट द्रव लागतो. पोचलीच नाही तर कापूस पेट्रोलमध्ये बुडवून आत कोंबा आणि वरून ओली माती थापून भोक बंद करा. त्यावेळी आजूबाजूला विडी-काडी नको, हे कोकणात सांगावं लागतं. ८ दिवसांनी बघा, पुन्हा ताजा भुसा आला तर अळी जिवंत आहे, पुन्हा करायचं. सुकलेली फांदी जिवंत लाकडापर्यंत कापून जाळून टाका, ढीग करून बाजूला ठेवलीत तर त्यातूनच भुंगे निघतील. कापलेल्या जागी बोर्डोपेस्ट लावा, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, घरापुरतं करायचं तर याच्या दहावा भाग. बुंध्यालाही तीनचार फुटांपर्यंत लावून घ्या, पावसाच्या आधी.

मोहोराचंही तुम्ही विचारलंय. मोहोर चिकट होऊन काळा पडणं म्हणजे तुडतुडे आणि त्यांच्या चिकट्यावर वाढलेली काजळी. फुलं पूर्ण उमललेली असताना काहीही मारू नका, माश्या मरतात आणि माश्या नाहीत तर फळधारणाही नाही. मोहोर फुटायच्या आधी झाडाच्या आत ऊन-वारा जाईल इतकी विरळणी केली तर तुडतुड्यांचा त्रास आपोआप कमी होतो, त्यांना गर्द सावली आवडते.

यूट्यूबवर तंबाखूचं पाणी आणि कपड्याची पावडर मिसळून मारायला सांगतात. नैसर्गिक आहे म्हणे. (औरंगपुरा, छ. संभाजीनगर)

धोतराही नैसर्गिकच आहे. तंबाखूच्या पाण्यातलं निकोटीन हे चांगलं जहाल विष, मारणाऱ्याच्या कातडीतून आत जातं, मधमाश्या मरतात आणि शेजारी मिरची-टोमॅटो असेल तर तंबाखूतला मोझॅक विषाणू त्यांना द्यायचा धोका वेगळा. कपड्याच्या पावडरने पानाच्या कडा जळतात. करायचंच असेल तर निंबोळी अर्क करा, ५० ग्रॅम निंबोळ्या (वाळलेल्या) जाडसर कुटून पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा आणि १ लिटर करा, चिमूटभर साबण घालून त्याच दिवशी मारा. साठवून उपयोग नाही, उन्हाने त्याचा गुण जातो.

आणि विकतचं घेतलंत तर डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सगळ्यात सौम्य. घरच्या बागेत लाल-पिवळ्याचं काही काम नाही.

माडाचे नवे झाप उघडले की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखे दिसतात. (अलिबाग)

गेंडा भुंगा. कोवळ्या कोंबात शिरून खातो आणि झाप उघडल्यावर ती कापलेली नक्षी दिसते. चढणारा माणूस आला की त्याच्याकडून आकड्याने भुंगे काढून घ्या आणि शेंड्याजवळच्या दोनतीन झापांच्या बगलेत ३-४ डांबरगोळ्या ठेवून वरून वाळू घालायला सांगा, साधारण दीड महिन्याने पुन्हा. पण खरी जागा तुमच्या शेणखताचा खड्डा आहे! अळ्या कुजक्या शेणात आणि पडलेल्या सडक्या माडाच्या खोडात वाढतात, खड्डा उपसा, पांढऱ्या गुबगुबीत वाकलेल्या अळ्या दिसतील, कोंबड्यांना सोडा. मेटारायझियम नावाची बुरशी मिळते ती खड्ड्यात मिसळली तर अळ्यांना रोग होतो.

हे टाळू नका, कारण गेंड्याने केलेल्या जखमेवर सोंड्या भुंगा येतो आणि तो माड मारतो. खोडातून तपकिरी चीक येत असेल किंवा कान लावला तर कुरतडल्याचा आवाज येत असेल तर वाट बघू नका, कृषी खात्याच्या माणसाला लगेच दाखवा. आणि हिरवे झाप बुडापासून कापू नका, जवळपास ४ फूट देठ ठेवून कापा.

पेरू पिकले की आत अळ्या. (सांगली)

फळमाशी. फळ पिकल्यावर काही करून उपयोग नाही, अंडी आधीच घातलेली असतात. फळ लिंबापेक्षा थोडं मोठं झालं की कागदी किंवा जाळीच्या पिशवीत बांधा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा मिळतो, त्यातल्या मिथाईल युजेनॉलच्या वासाला नर माश्या येतात, एका झाडाला एक पुरतो पण फळं लहान असतानाच टांगा. गळलेले पेरू झाडाखाली ठेवू नका, दोन फूट खोल पुरा, अळ्या फळातून उतरून मातीतच कोष करतात. झाडाखाली सडा पडू द्यायचा आणि सापळा चालत नाही म्हणायचं, ही तक्रार दरवर्षी येते.

सोसायटीतल्या झाडांना चुना-गेरूचा पट्टा मारतात. किडीला खरंच अडवतो का? (ठाणे)

थोडंफार. चुन्याने कोवळ्या खोडाची साल उन्हाने तडकत नाही आणि फटी बुजल्या की खोडकिड्याला अंडी घालायला जागा कमी मिळते. पानांवरच्या किडींशी त्याचा संबंध नाही. पट्टा झिजेल तसा पावसाआधी पुन्हा लावायचा. ऑइलपेंट मात्र लावू देऊ नका, काही कॉन्ट्रॅक्टर चकचकीत दिसतो म्हणून तोच मारतात, कमिटीच्या मीटिंगमध्ये हे लेखी देऊन ठेवा.