चिंचिलात निळा रंग आणण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या सोव्हिएत चिंचिला जातीच्या सशांत निळसर रंग आणायचा म्हणतोस. यंदा आणू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. नवा रंग वाईट असतो म्हणून नव्हे. 1913 साली फ्रान्समधल्या प्रदर्शनात चिंचिलाचा रंगही नवाच होता. अडचण पिंजऱ्यांची आहे, आणि आपल्या उन्हाळ्याची.

आधी हिशेब बघ. बाजारात मिळतो तो नर निळा असतो, चिंचिला नसतो. तो तुझ्या मादीला लावलास तर पहिल्या वेतात बहुधा सगळी पिल्लं रानसशासारखी भुरी निघतील. नराकडून आलेला पूर्ण रंगाचा जनुक चिंचिलावर भारी पडतो आणि निळेपणा सुप्त राहतो. ही भुरी पिल्लं मोठी करून आपसात लावली तर 64 पिल्लांत सरासरी 3 निळसर चिंचिला. वेताला सहा-सात पिल्लं धर. दहा वेतं झाली. त्या तिघांची अंगकाठीही बाजारातल्या नरासारखी किरकोळ असू शकते. ती भरायला पुन्हा तुझ्या चांगल्या माद्या लावायच्या आणि निळेपणा पुन्हा लपणार.

गाभणकाळ 31 दिवसांचा, पण मादी लावण्याजोगी व्हायला सहा महिने जातात. त्यात होळी ते पोळा काम जवळपास बंद. 30 अंशांच्या वर नराचं वीर्य खालावतं. नवतपा सरला, मृग बरसला तरी ते सावरायला दीड-दोन महिने लागतात. म्हणून आपल्याकडे वर्षाला एकच पिढी धरायची. चार वर्षांचं काम आहे हे, आणि तेवढी वर्षं निम्मे पिंजरे अडकून पडतील.

खरी भीती वेगळीच आहे. भुरा रंग लपत नाही. दिसला की तो प्राणी कळपातून काढता येतो. निळेपणा लपतो. वरून अस्सल दिसणारा नर तो पोटात घेऊन फिरतो आणि दोन-तीन पिढ्यांनी तुझ्या मूळ कळपात फिकट पिल्लं निघू लागतात. पाठीवरच्या केसांवर फुंकर मारून बघ: तळाशी गडद पाटीचा रंग, मधे मोतिया पट्टा, मग काळी कड आणि वर पांढरी झाक. या वर्तुळावरच चिंचिला ओळखला जातो. निळेपणा आला की काळी कड राखाडी होते आणि पट्टे एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. टिनाच्या शेडमध्ये तिरपं ऊन लागलं तर निळ्या केसांवर तांबूस झाक चढते, ती वेगळीच.

एवढं कळूनही करायचंच असेल, तर आधी दोन हंगाम प्रत्येक पिल्लाचं 12 आठवड्यांचं वजन वहीत लिही. वजनं एकसारखी येत नसतील तर रंगाचा विषय तिथेच थांबव. येत असतील तर मूळ पिंजऱ्यांना हात न लावता निळ्या ओळीसाठी, म्हणजे निळ्या सशांच्या वंशासाठी, वेगळे आठ-दहा पिंजरे बांध. पिल्लं तीन महिन्यांची झाली की नर-मादी वेगळे करावेच लागतात. प्रत्येकाच्या कानात क्रमांक गोंदव. पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवर भरवसा ठेवू नकोस, पावसाळ्यात ती पुसते. निळ्या ओळीतला नर मूळ कळपात घ्यायचा झाला तर आधी निळ्या मादीला लावून तपास. एक जरी फिकट पिल्लू निघालं तरी तो बाद. निळेपणा पोटात असूनही सातही पिल्लं गडद निघण्याची शक्यता 128 मध्ये 1 असते. म्हणून सातांपेक्षा कमी पिल्लं झाली तर दुसरं वेत घे. चार-पाच दिवसांत पिल्लाच्या कातडीवरून फरक कळतो, निळ्याची कातडी फिकी असते.

निळसर चिंचिला सोडून बाकीच्या पिल्लांचं गिऱ्हाईक मात्र आधी बघून ठेव. पन्नास-साठ निघतील आणि खातील सगळ्यांइतकंच.

वजनाची वही पोळ्याच्या आत पाठव. या हंगामाला कोणता नर ठेवायचा ते ती बघूनच सांगता येईल.