कागद माग, कारण नको

पोरी,

माहिती अधिकारात केलेला तुझा चार पानी अर्ज वाचला आणि त्यावर आलेलं दोन ओळींचं उत्तरही. ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही.’ तू चिडलीस, पण उत्तर कायद्याला धरून आहे. ‘रस्ता तीन महिन्यांत का उखडला?’ असं तू विचारलंस. माहिती अधिकारात दप्तरी जे आहे तेवढंच मिळतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. कारण मागू नकोस, कागद माग.

रस्त्याचे कागद म्हणजे मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, ठेकेदाराशी झालेला करारनामा, मोजमाप पुस्तिकेची पानं, गुणनियंत्रण चाचणीचे अहवाल, अदा केलेली देयकं. करारनाम्यात दोषदायित्वाचा कालावधी असतो, त्या काळात रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने. मोजमाप पुस्तिकेत थराची लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. ते पान आणि टेप घेऊन रस्त्यावर उभी राहा. तुझा ‘का’ तिथे सुटेल, आणि तो कुणाला नाकारता येणार नाही.

आता अर्ज. जोडपत्र ‘अ’ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. महाराष्ट्राचा नियमच तसा आहे. तुझ्या अर्जात पाणी, रस्ता, शाळा, सगळं एकत्र होतं, म्हणून तो फेटाळणं सोपं गेलं. तीन विषय, तीन अर्ज. ‘आजवरची सर्व माहिती’ असं कधीच लिहायचं नाही. कामाचं नाव, वर्ष, कालावधी तारखेसह. आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नकोस. ‘हे आमच्याकडे नाही’ म्हणाले तर कलम 6(3) दाखव: 5 दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करणं त्यांचं काम आहे.

अर्ज देऊन उत्तराविना 30 दिवस होऊन गेले की दुसऱ्याच दिवशी पहिलं अपील, जोडपत्र ‘ब’, 20 रुपयांचा स्टॅम्प. इथे फार लोक गळतात. साहेब ‘देतो, देतो’ म्हणत राहतात आणि अपिलाची 30 दिवसांची मुदत निघून जाते. दुसरं अपील 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे करता येतं, पण तिथे ताटकळावं लागतं. म्हणून सगळा जोर पहिल्या अपिलावर लाव. आणि मुदतीनंतर दिलेली माहिती मोफत द्यावी लागते, कलम 7(6). पानामागे 2 रुपये मागितले तर भरू नकोस.

याहून जवळची वाट आहे. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात. आधी जाऊन फाइल चाळ, पृष्ठ क्रमांक टिपून घे, मग नेमकी तीच पानं माग.

उपोषणाला बसायचं म्हणतेस. हातात कागद नसताना बसलीस तर एखादा अधिकारी लेखी आश्वासन देईल, सरबत पाजेल आणि तू घरी येशील. 1996 मध्ये राजस्थानात ब्यावरला लोक 40 दिवस धरणं धरून बसले, तेव्हा त्यांनी काय मागितलं? हजेरीपट आणि बिलांच्या नकला. त्या मागणीतूनच पुढे 2005 चा माहिती अधिकार कायदा उभा राहिला. म्हणून इतक्यांदा तेच सांगतो आहे. माझा हट्ट वाटला तर वाटू दे.

सरकारलाही नेमकी कागदाचीच धास्ती आहे. 2019 च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवणं केंद्राने आपल्या हाती घेतलं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या कलम 8(1)(जे) मधली, म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारू देणाऱ्या कलमातली, जनहिताची तरतूद काढली, म्हणजे आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढं म्हणून हात झटकता येतात. कलम 8(2) अजून शाबूत आहे: जनहित मोठं असेल तर रोखलेली माहितीही देता येते. प्रत्येक अर्जाच्या शेवटी त्याचा उल्लेख कर आणि व्यापक जनहित कोणतं, ते एका वाक्यात लिही: सार्वजनिक पैसा, सार्वजनिक रस्ता, अपघाताचा धोका.

येत्या सोमवारी जा. सुट्टी असली तर लगेचच्या कामाच्या दिवशी. मोजमाप पुस्तिका दाखवायला नकार दिला तर तो लेखी घे, आणि पुढचा अर्ज देण्याआधी मला वाचायला पाठव.