वाचकांचे प्रश्न : शाल विणताना पुस्तक केव्हा उघडावे?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. बँकेतून निवृत्त झाल्यानंतर मी पुन्हा विणकाम हाती घेतले आहे. सध्या एलिझाबेथ झिमरमन यांच्या ‘निटर्स अल्मनॅक’ या पुस्तकातील जुलै महिन्याची गोल शाल सुयांवर आहे. १४४ टाके झाले आहेत आणि त्यावरच्या २४ फेऱ्या संपत आल्या आहेत. लोकर ४०० ग्रॅम आणली होती आणि त्या रंगाची लोकर आता दुकानात शिल्लक नाही, त्यामुळे ती पुरेल का, ही पहिली शंका. दुसरी शंका थोडी वेगळी आहे. वाचनालयातून सहाशे पानांची एक ऐतिहासिक कादंबरी आणली आहे; विणता विणता ती वाचायला घेतली, तर दोन्हींचा विचका होतो, असे घरचे म्हणतात. आपले मत काय?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : आपल्या दोन्ही शंकांचे उत्तर या शालीच्या रचनेतच आहे, म्हणून आधी रचनेकडे पाहू. झिमरमन मूळच्या इंग्लंडच्या. १९३७ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि पुढे विस्कॉन्सिन राज्यात स्थिरावल्या. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात त्यांनी बारा महिन्यांची बारा प्रकरणे केली असून जुलैच्या प्रकरणात, सुट्टीत प्रवासाला निघताना सहज बरोबर नेता येईल असे काम म्हणून ही शाल दिली आहे. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो, या शाळेत शिकलेल्या नियमावर ती उभी असल्यामुळे तिला गणितातल्या ‘पाय’चे नाव मिळाले. मधोमध ९ टाके घालायचे, ते दुप्पट करून १८ करायचे आणि ३ फेऱ्या साध्या विणायच्या. मग ३६ टाके आणि ६ फेऱ्या, ७२ टाके आणि १२ फेऱ्या, १४४ टाके आणि २४ फेऱ्या, २८८ टाके आणि ४८ फेऱ्या, शेवटी ५७६ टाके आणि हवे असल्यास ९६ फेऱ्या. टाके वाढवायचे ते एवढ्याच ठिकाणी. मधल्या सगळ्या फेऱ्यांत वाढ नाही आणि घटही नाही.

आता लोकरीचे पाहू. टाके दुप्पट होतात आणि फेऱ्याही दुप्पट होतात, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला आधीच्या टप्प्याच्या जवळजवळ चौपट लोकर लागते. आपण आज जिथे आहात तिथवर, म्हणजे २४ फेऱ्यांचा टप्पा पुरा होईपर्यंत, वाढीच्या फेऱ्या धरून सुमारे ४,९०० टाके विणून होतात. त्यापुढचा ४८ फेऱ्यांचा एकटा टप्पा सुमारे १४,१०० टाक्यांचा आहे आणि ९६ फेऱ्यांचा टप्पा जवळपास ५६,००० टाक्यांचा. शाल अर्धीअधिक झाली असे डोळ्यांना वाटते तेव्हा खरे काम पुढेच असते, आणि लोकर नेमकी शेवटच्या वीतभर पट्ट्यात संपते ती याच कारणाने.

म्हणून हा टप्पा संपताच उरलेली सगळी लोकर स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलावी आणि आतापर्यंत किती खर्च झाली ते काढावे. समजा, २५ ग्रॅम झाली असेल, तर पुढच्या ४८ फेऱ्यांना सुमारे ७२ ग्रॅम आणि त्यानंतरच्या ९६ फेऱ्यांना सुमारे २८६ ग्रॅम लागेल. ही बेरीज ३८३ ग्रॅम होते, आणि ४०० ग्रॅममध्ये काम बसले असे वाटून आपण निश्चिंत व्हाल. पण किनार अजून राहिलेली आहे. या शालीची किनार आडवी विणत न्यायची असते आणि तिच्या दर दोन ओळींमागे शालीचा एक टाका बंद होतो, म्हणजे ५७६ टाक्यांसाठी १,१५२ ओळी होतात. किनार १० टाक्यांची धरली, तर तिलाच ६० ग्रॅमच्या आसपास लोकर हवी. यावर तोडगा अगदी सोपा आहे. शेवटच्या टप्प्यानंतर टाके पुन्हा वाढवायचे नसल्यामुळे तो कुठेही थांबवता येतो. या हिशेबात एका फेरीला साधारण ३ ग्रॅम लागतात, तेव्हा ९६ ऐवजी ८० फेऱ्यांवर थांबले की किनारीपुरती लोकर हाती राहते. माझे आकडे उदाहरणादाखल आहेत. हात सैल की घट्ट यावर खर्च बदलतो, म्हणून आपल्या काट्यावर येईल तोच आकडा धरावा. दुसऱ्या लॉटची लोकर आणून शेवटचा पट्टा पूर्ण करण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण रंगातला किंचित फरक दुकानातल्या दिव्याखाली कळत नाही आणि अंगणातल्या उन्हात लगेच उठून दिसतो. लोकर फारच कमी पडणार असे दिसले, तर किनारच वेगळ्या रंगाची ठरवून करावी.

कादंबरीच्या बाबतीत घरच्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. गोल विणताना कामाची दर्शनी बाजू सतत आपल्याकडेच राहते, त्यामुळे साध्या फेऱ्यांत उलट टाका येतच नाही आणि सगळे टाके सुलट असतात. असे विणकाम बोटे न पाहता करतात. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरच्या बायका पाठीवर पीटच्या इंधनाने भरलेली टोपली घेऊन चालता चालता विणत असत. कमरेला चामड्याचा, भोके पाडलेला गादीसारखा पट्टा बांधून त्यात एक सुई रोवली, की हाताला तिचा भार वाहावा लागत नसे. आपल्याकडेही चातुर्मासात पोथी ऐकता ऐकता वाती वळणाऱ्या बायका वातीकडे क्वचितच पाहतात. तेव्हा हात आणि लक्ष यांची फारकत करता येते. प्रश्न आहे तो ती कोणत्या फेरीत करावी, एवढाच.

टाके दुप्पट करण्याच्या फेरीत पुस्तक मिटून ठेवावे. त्या फेरीत प्रत्येक टाक्याआधी सुईवर लोकरीचा एक वेढा घ्यायचा असतो. एक वेढा राहून गेला, तरी पुढची मोजणी चुकते आणि ते कळते दहा-बारा फेऱ्यांनंतर, जेव्हा उसवण्याखेरीज इलाज नसतो. म्हणून त्या फेरीच्या आधी सगळ्या टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेवावा. उसवावे लागलेच, तर काम त्या दोऱ्यापाशी थांबते. त्यानंतरची फेरी साधी विणून टाके मोजावेत आणि दर ३६ टाक्यांवर खुणेची कडी अडकवावी. २८८ टाक्यांत ८ कड्या होतील आणि ५७६ मध्ये १६. एवढे केले की ४८ फेऱ्या खुशाल वाचत विणाव्यात; कडी बोटाला लागली की कुठवर आलो हे न पाहताच समजते. जाळीचा नमुना घालणार असाल, तर मात्र ही मोकळीक राहत नाही. माझा सल्ला असा की २८८ टाक्यांचा पट्टा साधा ठेवून कादंबरी त्यात वाचून काढावी आणि नमुना घालायचाच असेल, तर तो शेवटच्या पट्ट्यात घालावा. ५७६ ला ६, ८, ९, १२ आणि १६ या संख्यांनी भाग जातो, ५, ७ आणि १० ने जात नाही. नमुना निवडण्याआधी त्याची पुनरावृत्ती किती टाक्यांची आहे, ते पाहून घ्यावे.

सहाशे पानांचे जाड पुस्तक मांडीवर उघडे राहत नाही आणि पान उलटताना दोन्ही हात अडकतात, ही अडचण खरीच आहे. पुस्तक लाकडी स्टँडवर ठेवून दोन्ही बाजूंची पाने रबराने धरून ठेवावीत आणि फेरी संपल्यावरच पान उलटण्याची सवय लावावी, म्हणजे काम आधी खाली ठेवले जाते आणि सुईवरचे टाके निसटत नाहीत. वाचनालयाच्या पुस्तकाला रबर मात्र अलगद लावावे. किनारीच्या हजारावर ओळींत दर ओळीला काम फिरवावे लागते, त्यामुळे तिथे डोळे पुस्तकावर टिकत नाहीत; कादंबरीचे शेवटचे भाग शिल्लक असतील, तर ते कुणाकडून वाचून घ्यावेत किंवा ध्वनिपुस्तक लावावे.

प्रश्न : माझ्या ताईच्या बाळासाठी मी हीच शाल २८८ टाक्यांपर्यंत विणणार आहे. एका अमेरिकन नमुन्यात ६ नंबरची सुई सांगितली होती, म्हणून मी तुळशीबागेतून ६ नंबरचीच गोल सुई आणली. पण विणकाम फारच विरविरीत दिसते. लोकर ॲक्रिलिकची आहे. चूक लोकरीची की माझी?
– एक महाविद्यालयीन वाचक, पुणे

उत्तर : दोघांचीही नाही. आपल्या बाजारातल्या सुयांवर बहुधा जुने ब्रिटिश क्रमांक असतात आणि त्यांत आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन क्रमांकांत नेमके उलट असते. अमेरिकन ६ नंबर म्हणजे ४ मिलिमीटरची सुई, आणि तीच ब्रिटिश क्रमांकात ८ नंबरची. आपल्या हाती ६ नंबरची, म्हणजे ५ मिलिमीटरची सुई आली आहे. यापुढे नंबर न सांगता दुकानदाराकडे मिलिमीटरनेच सुई मागावी.

बाळाच्या शालीत बोटे अडकता कामा नयेत, म्हणून ८ नंबरवर पुन्हा सुरुवात करावी, असे मी सुचवेन. इंचाला सहा फेऱ्या बसल्या, तर २८८ टाक्यांचा पट्टा संपताना शालीचा व्यास साधारण ३३ इंच होईल आणि बाळाला तेवढा पुरेसा आहे. ॲक्रिलिक घेतले हे धुण्याच्या दृष्टीने चांगलेच झाले. मात्र खरी लोकर ओली करून, टाचण्या लावून ताणून वाळवली की जाळी जशी उघडते आणि तशीच राहते, तसे ॲक्रिलिकचे होत नाही. त्यावर गरम इस्त्री टेकवू नये, कारण ते एकदा लुळे पडले की पूर्ववत होत नाही. तेव्हा शाल साधीच ठेवावी आणि किनारही अरुंद करावी.

प्रश्न : माझ्या सासूबाई साताऱ्याला असतात. त्यांचा हात विणकामात माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे, पण इंग्रजी वाचता येत नसल्यामुळे हे पुस्तक त्यांच्यासाठी बंदच राहिले आहे. मी फोनवर त्यांना वाचून दाखवू लागले, तर पहिल्याच परिच्छेदात आम्ही दोघी अडकलो.
– एक वाचिका, न्यू जर्सी

उत्तर : झिमरमन गप्पा माराव्यात तशा लिहितात, हवामान, घर, प्रवास यांच्या मध्येच टाक्यांची संख्या येऊन जाते. वाचायला ते फार आनंदाचे आहे, पण फोनवर सांगायला अवघड. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस मात्र त्यांनी त्याच कृतीचा आटोपशीर सारांश दिला आहे. आपण तेवढाच आधी सांगावा आणि गप्पांचा भाग सासूबाई साध्या फेऱ्या विणत असतील तेव्हा त्यांना सवडीने मराठीत सांगावा.

आपण अडकलात ती जागा बहुधा सुरुवातीच्या ९ टाक्यांची असावी. ती सुरुवात झिमरमन यांनी एमिली ऑकर या आपल्या परिचित विणकरणीच्या नावाने सांगितली आहे. सासूबाईंना असे सांगावे : लोकरीचे टोक वीतभर मोकळे सोडून बोटाभोवती एक सैल फास करा. क्रोशाची सुई फासातून घालून लोकर ओढून घ्या आणि तिच्यावर एक साखळी घाला. सुईवर राहील तो पहिला टाका. तो सुईवर तसाच ठेवून पुन्हा फासातून लोकर ओढा आणि साखळी घाला. असे ९ टाके झाले की मोज्यांसाठी वापरतात त्या दोन्ही टोकांच्या सुयांपैकी तीन सुयांवर ते तीन-तीन वाटून घ्या आणि चौथ्या सुईने एक फेरी सुलट विणा. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्याआधी सुईवर एक वेढा घ्या, म्हणजे १८ होतील. चार-सहा फेऱ्या झाल्यावर सोडलेले टोक हळूहळू ओढा. मधले भोक मिटते. १४४ टाक्यांच्या सुमारास काम गोल सुईवर घेता येईल, पण त्या सुईची तार पुढे २८८ आणि ५७६ टाके मावतील एवढी लांब हवी. साताऱ्यात तशी मिळाली नाही, तर आपण येताना ३२ इंची आणि ४० इंची अशा दोन सुया, दोन्ही ४ मिलिमीटरच्या, घेऊन याव्यात.