नाशिकच्या रेडिओवर शहराच्या बातम्या का लागत नाहीत? इथल्या घडामोडींसाठी काय ऐकावं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी सातपूरला आल्यापासून येता-जाता गाडीत एफएम चालू असतो, पण गाणी आणि जाहिराती सोडून नाशिकची एकही बातमी कानावर पडत नाही. असं का, आणि स्थानिक ऐकायचं तर कुठलं स्टेशन लावायचं, हा तुमचा प्रश्न. मी वर्षानुवर्षं इथला रेडिओ ऐकतोय आणि आमच्या वाचनालयाच्या कार्यक्रमांच्या सूचना घेऊन रेडिओवाल्यांकडे जातही असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कारण सरळ आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही. २०११च्या धोरणानंतर त्यांना आकाशवाणीची बातमीपत्रं लावता येतात, तीही जशीच्या तशी, काहीही न बदलता. महापालिकेच्या महासभेत काय झालं हे निवेदकाला ठाऊक असलं, तरी तो ते बातमी म्हणून सांगू शकत नाही. मात्र त्याच धोरणात काही विषय बातमीत धरलेले नाहीत: वाहतूक, हवामान, सण-उत्सव, स्थानिक खेळांच्या स्पर्धा, निकाल आणि प्रवेश, नोकरीच्या संधी, वीज-पाण्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे. म्हणजे शनिवारी नळाला पाणी येणार नाही एवढं सांगता येतं. ते का येणार नाही आणि ही वेळ वरचेवर का येते, हे कोणाला विचारता येत नाही.

मला हा नियम अजिबात पटत नाही. रेडिओ-टीव्हीच्या प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच म्हटलं आहे. जी बातमी वर्तमानपत्र छापतं, टीव्ही दाखवतो, यूट्यूबवर कोणीही बोलतो, ती फक्त रेडिओने सांगायची नाही, याला मला तरी कारण सापडत नाही. पेठ-सुरगाण्याकडे सगळ्या पाड्यांवर मोबाइलची रेंज टिकत नाही. तिथल्या माणसाला आपल्या तालुक्याची बातमी कानाने मिळायला हवी.

आकाशवाणीचं नाशिक केंद्र १०१.४ वर आहे. बातम्यांवर बंदी नाही असं रेडिओवर एवढंच एक घर. पण आकाशवाणीची मराठी प्रादेशिक बातमीपत्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या वृत्तविभागांत तयार होतात. पुण्याचं सकाळी सात वाजून पाच मिनिटांचं बातमीपत्र ऐकत महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी चहा घेतलाय. त्यात नाशिक येतं ते वार्ताहराने पाठवलेल्या एक-दोन वाक्यांत, आणि त्या वाक्यांनाही राज्यभरातल्या बातम्यांमधून जागा मिळवावी लागते. शहराच्या गल्लीबोळातलं तिथे येणं अवघडच. म्हणून १०१.४ वर बातमीपत्रापेक्षा शेतीचे कार्यक्रम आणि स्थानिक मुलाखती जास्त ऐका. शेतीशी तुमचा संबंध नसला तरी ऐका. या जिल्ह्याचा मूड लासलगाव-पिंपळगावच्या कांद्यावर आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांवर ठरतो. द्राक्षं तयार होत असताना अवकाळीचा इशारा आला की तुमच्या कारखान्यातले निम्मे सहकारी दिवसभर घरी फोन का करत असतात, हे आपोआप कळेल. कांद्याचे भाव सांगतात तेव्हा किमान, कमाल आणि सरासरी असे तीन आकडे येतात. लोक कमाल भावाची चर्चा करतात, पण शेतकऱ्याच्या हातात काय पडलं ते सरासरीवरून समजतं.

तिसरा पर्याय सामुदायिक रेडिओ, म्हणजे एखाद्या संस्थेने आसपासच्या लोकांसाठी चालवलेलं छोटं केंद्र. नाशिकमध्ये ९०.८ वर रेडिओ विश्वास आहे. शैक्षणिक संस्थांबरोबर स्वयंसेवी संस्थांनाही असं केंद्र चालवायची मुभा २००६मध्ये मिळाली. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवरच तयार झाले पाहिजेत, ही अट आहे. प्रक्षेपणाची ताकद १०० वॅट, त्यामुळे आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरच्या आतला. सातपूरला लागेल, सिन्नरला गेलात की जाईल. बातम्यांची बंदी यांनाही आहे, पण बोलणारी माणसं इथलीच असतात, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. कोरोनाकाळात शाळा बंद होत्या तेव्हा जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांतल्या मुलांसाठी याच केंद्राने शिक्षकांच्या आवाजात पाठ प्रसारित केले. ज्या घरात एकच स्मार्टफोन आणि तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला, त्या घरातल्या मुलांपर्यंत शाळा पोहोचली. या उपक्रमाला २०२३मध्ये राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कार मिळाला. मिळायलाच हवा होता.

तर माझं सांगणं असं, की रेडिओवर बातमी शोधू नका, सूचना ऐका. रेडिओवरची सूचना कोणीतरी जबाबदारीने, वेळ सांगून दिलेली असते. पावसाळ्यात याचं महत्त्व कळतं. गोदावरीला पाणी वाढलं की अख्खं नाशिक एकच प्रश्न विचारतं, दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे गोदाघाटावरच्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या, कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला, हीच इथली मोजपट्टी. आणि त्याच तासाला व्हॉट्सॲपवर मागच्या कुठल्यातरी पुराचे व्हिडिओ आजचे म्हणून फिरायला लागतात. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरांत सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी शिरलं होतं. तेव्हाची दृश्यं पाहून माणूस घाबरतो, नाहीतर दोनदा फसला की खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवत नाही.

रेडिओवर अशा वेळी विसर्गाचे दोन आकडे आले तर दोन्ही नीट ऐका. एक गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचा, दुसरा होळकर पुलाखालून वाहणाऱ्या पाण्याचा. दुसरा मोठा असतो, कारण धरणाच्या खाली शहरात पडलेला पाऊसही नाल्यांतून नदीतच येतो. रामकुंडावर, गोदाघाटावर ज्याचं दुकान किंवा टपरी आहे त्याच्या कामाचा हा दुसरा आकडा. धरणातून फार सोडलेलं नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्याचा माल भिजतो. बुधवारी घाटावर बाजार भरतो, त्या दिवशी तर खेड्यातून माल घेऊन निघायच्या आधीच हे कळायला हवं. आणि चांदोरी-सायखेड्याकडच्या लोकांना दारणा धरणाचा विसर्गही ऐकावा लागतो, कारण दारणा नदी त्यांच्या गावांजवळ येऊन गोदावरीला मिळते. शहरात ऊन पडलेलं असताना तिकडे गावात पाणी शिरू शकतं. हे आकडे क्युसेकमध्ये सांगतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. हजारांत आकडा आला की गुणून पाहा, मग नदीकाठी सेल्फीला उभं राहावंसं वाटणार नाही.

आता सिंहस्थ येतोय. ३१ ऑक्टोबर २०२६ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ला पहिलं अमृतस्नान जाहीर झालेलं आहे. तुम्ही इथे असाल तर पर्वणीच्या दिवसाची तयारी आत्ताच करून ठेवा. एका ठिकाणी लाखो माणसं आली की मोबाइलचं नेटवर्क कोलमडतं, कारण प्रत्येक फोनला टॉवरशी वेगळं बोलावं लागतं. रेडिओला ऐकणारे दहा असोत की दहा लाख, प्रक्षेपणावर काही भार पडत नाही. २७ ऑगस्ट २००३च्या पर्वणीला इथे चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. कुठला रस्ता बंद केला, कुठल्या घाटावर आता जाऊ नका, हे गर्दीतल्या माणसापर्यंत लगेच पोहोचणं किती गरजेचं आहे, हे या शहराला कोणी शिकवायला नको. सेलवर चालणारा छोटा रेडिओ घरात ठेवा. फोनमध्ये एफएम असेल तर तारेचा इअरफोन लागतो, कारण ती तारच अँटेनाचं काम करते. अनेक नव्या फोनमध्ये एफएम दिलेलंच नसतं, ते आधी तपासा. इंटरनेटवरून चालणारं ॲप म्हणजे रेडिओ नव्हे. नेट गेलं की तेही गेलं.

एवढं ऐकायला लागलात की पुढे स्वतःही सूचना द्या. तुमच्या वसाहतीचं रक्तदान शिबिर, रंगपंचमीला रहाडीच्या (रंग खेळायच्या जुन्या हौदाच्या) चौकातला बंद रस्ता, मुलांच्या स्पर्धा, हे सगळं रेडिओला हवंच असतं. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी एका पानावर लिहून द्या: काय, कधी, कुठे, कोणासाठी, फुकट की फी. पाहुण्यांची नावं आणि आयोजकांच्या पदव्या शेवटी. जवळची ठळक खूण लिहा, 'अमुक लॉन्सच्या मागे' असं, कारण ऐकणाऱ्याकडे नकाशा नसतो. पत्र वाचून पाहा. तीस सेकंदांत वाचून झालं नाही तर अजून कापा. निवेदक ते तसंच वाचू शकला, तर लागण्याची शक्यता जास्त.